आटे कुणी पाडले?

जुन्या बंदुकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक छाती फुगवणारा: अमक्या राजाची, तमक्या लढाईतली, एवढ्या वजनाची. दुसरा नाक मुरडणारा: शी, हत्यारं कसली बघायची, त्यापेक्षा चित्रांच्या दालनात जाऊ. साहित्याच्या वर्गात अर्थातच दुसरा सूर जास्त ऐकू येतो. हल्ली त्यात तिसरा मिसळलाय, मोबाइलवरच्या रीलचा. कट्यारीच्या दोन्ही बाजूंना जोडलेली पिस्तुलं, ढालीच्या फुलांआड लपवलेल्या नळ्या, एका काडीवर एकदम उडणाऱ्या सतरा बंदुका. तीस सेकंदांत "बघा, काय विचित्र!" म्हणायचं आणि अंगठ्याने वर सरकवून टाकायचं.

मला या तिन्ही सुरांबद्दल तक्रार आहे, पण सगळ्यात जास्त त्या 'विचित्र' या शब्दाबद्दल. विचित्र बंदूक अशी काही वस्तूच नसते. प्रत्येक विचित्र बंदूक हे कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर असतं. आपल्याला उत्तर दिसतं, अडचण दिसत नाही, म्हणून आपण हसतो.

ती पिस्तुलं जोडलेली कट्यारच घ्या. जुन्या पिस्तुलात एका वेळी एकच गोळी. ती उडवली, नेम चुकला, तर पुन्हा दारू भरा, गोळी ठासा, तोपर्यंत समोरचा माणूस तुमच्या अंगावर. म्हणजे एका बारानंतर पिस्तूल म्हणजे हातातला नुसता लोखंडाचा तुकडा. मग कुणीतरी विचार केला की बार उडाल्यावर हातात जे राहील ते कट्यारच का असू नये? ढालीचंही तेच. ढाल धरायच्या आतल्या पट्ट्या जिथे अडकवलेल्या असतात तिथे बाहेरून चार फुलं असतातच. एकोणिसाव्या शतकातल्या काही भारतीय ढालींमध्ये ही फुलं बिजागरीवर उघडतात आणि आतून आखूड नळ्या बाहेर डोकावतात. नवीन भोक पाडायला नको, ढालीची शोभाही बिघडायला नको. ही कल्पना आपलीच मक्तेदारी होती असंही नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला १५४४ मध्ये रावेन्नाच्या जोव्हान्नी बात्तिस्ता नावाच्या कारागिराने बंदूक बसवलेल्या ढाली देऊ केल्या होत्या, आणि तसल्या ढाली आजही तिथे जपून ठेवलेल्या आहेत. फरक एवढाच की रावेन्नाच्या माणसाचं नाव मला माहीत आहे. आपल्या ढाली घडवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. पण त्याआधी थोडं बंदुकीच्या पोटात शिरावं लागेल. घाबरू नका, शब्द आपल्याच घरातले आहेत.

आपण 'चकमक झडली' असं सहज लिहितो, आणि वर्तमानपत्रात तर पोलिसांची चकमक रोज असते. चकमक म्हणजे मूळ गारगोटी आणि पोलाद एकमेकांवर आपटून ठिणगी पाडायचं साधन. चकमकीची बंदूक आली ती नंतर. तिच्याआधी तोड्याची बंदूक होती. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, धुमसत राहणारी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. म्हणून ती ठासणीची. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक, त्याला म्हणायचं कान. कानाशेजारच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, तिचं नाव रंजक. (मनोरंजनाशी हिचा काही संबंध नाही.) चाप ओढला की धुमसता तोडा रंजकेवर टेकतो, रंजक पेटते, कानातून जाळ आत शिरतो आणि बार उडतो. रंजक नुसतीच पेटली आणि आत जाळ पोचलाच नाही, तर बार फुसका. कुणाचं भाषण पडलं की आपण 'फुसका बार' म्हणतो ना, तोच. काडतूस आणि पिस्तूल हे दोन शब्द तर पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरून आपल्या भाषेत राहायला आलेत. भाषेने हे सगळं यंत्र सुटं करून आपल्या वाक्यांत विखरून ठेवलंय. आपण ते रोज वापरतो, आणि खरी वस्तू समोर आली की म्हणतो, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

आता या यंत्रातली सगळ्यात अवघड जागा कोणती? मला वाटायचं, चाप असेल, नाहीतर नळी. नळी अवघड आहेच. पण खरी मेख आहे ती नळीच्या मागच्या टोकाला. नळी म्हणजे दोन्हीकडून उघडी पुंगळी. पुढचं तोंड उघडं हवं, मागचं बंद. आणि बंद म्हणजे असं बंद की आत दारूचा स्फोट झाला तरी बूच जागचं हलता कामा नये. तिथून बूच सुटलं तर ते थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येणार. तापवून, ठोकून कायमचं बंद करता येतं. पण मग आतली काजळी काढायची कशी? पाच-दहा बार झाले की मागे राख आणि जळका गाळ साचतो, कान बुजतो. म्हणजे बूच पक्कंही हवं आणि काढता-घालताही यायला हवं.

उत्तर आपल्याला आज शाळकरी वाटतं: आटे. बुचाला बाहेरून आटे, नळीला आतून आटे. पाण्याच्या बाटलीचं झाकण. पण टॅप नाही, डाय नाही, लेथ नाही, अशा काळात लोखंडाच्या नळीत आतून आटे कसे पाडणार? बाहेरचे आटे एकवेळ हाताने पडतील. दांड्यावर तिरकी पट्टी गुंडाळायची, तिच्या कडेने खूण करायची आणि कानशीने खाच खोल करत जायचं. आतल्या आट्यांसाठी जपानी लोहारांची एक रीत नोंदलेली आहे. आधी आटे पाडलेला बोल्ट नळीत घालायचा, नळी लालबुंद तापवायची आणि बाहेरून ठोकत राहायचं, म्हणजे नळीचं आतलं अंग बोल्टवर दबून त्याचेच आटे उमटतात. मग बोल्ट फिरवून बाहेर काढायचा. वाचताना सोपं वाटतं. एक घाव जास्त पडला तर बोल्ट आत कायमचा.

या आट्यांची गोष्ट आपल्या गोव्यातून जाते. ती आपल्याला कुणी सांगत नाही.

अफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा आदिलशाहीकडून कायमचा घेतला. हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, आणि वाचताना आपोआप असं गृहीत धरतो की बंदुका जहाजातून आल्या आणि गोव्यात उतरल्या. म्हणजे तिकडून आलेलं तंत्र, इकडचे लोक बघे. पण गोव्यात बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते, आदिलशाहीचे. आल्बुकर्कने त्यांना कामावर ठेवलं. १५१३ साली त्याने राजा मान्युएलला पत्र लिहिलं, त्यात या गोव्याच्या उस्तादांबद्दल लिहिलंय की हे लोक बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात, आणि त्यांच्या बंदुकांची मागची बुचं आट्यांनी बसवलेली असतात. नमुन्यादाखल बंदुका आणि सोबत एक कारागीरही त्याने लिस्बनला पाठवला. बोहेमिया म्हणजे आजचा चेक प्रदेश, तेव्हा बंदुकांच्या घडणीत नावाजलेला. जिंकणारा सेनापती आपल्या राजाला लिहितोय की इथले लोहार आपल्याकडच्या उत्तमांच्या बरोबरीचे आहेत. त्याला खोटं लिहायचं काही कारण नव्हतं.

तो कारागीर लिस्बनला कसा पोचला असेल, तिथल्या थंडीत कुणाशी काय बोलला असेल, मला माहीत नाही. कथा लिहिणाऱ्या कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, फुकट. आपल्यापर्यंत आली ती त्याची ओळख 'गोव्याचा उस्ताद' एवढीच.

आता गलबत पूर्वेला वळवू. १५४३ साली एक चिनी जहाज भरकटून जपानच्या दक्षिणेला तानेगाशिमा बेटाला लागलं. त्यावर दोन-तीन पोर्तुगीज व्यापारी होते आणि त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुका. बेटाचा सरदार तोकिताका तेव्हा कोवळा पोरगा, आपल्यापेक्षाही लहान. त्याने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला, याइता किनबेइला, तशीच घडवायला सांगितली. किनबेइ तलवारी घडवणाऱ्या परंपरेतला, त्यामुळे नळी त्याला जमली. अडला कुठे? मागच्या बुचाशी. आटे जमेनात. जपानी बखर सांगते की पुढच्या वर्षी पुन्हा परकी माणसं आली, त्यांच्यात एक लोहार होता, त्याच्याकडून किनबेइ ही विद्या शिकला. लोककथा त्याच्याही पुढे जाते: त्या एका विद्येसाठी किनबेइने आपली मुलगी वाकासा परदेशी माणसाला लग्नात दिली. कथा खरी की खोटी हे सोडा, पण आट्यांची किंमत लोकांना केवढी वाटत होती ते त्यातून कळतं. आणि त्या मुलीला कुणी विचारलं होतं का, हाही प्रश्न मनात येतोच.

गंमत बघा. जपानचा कसलेला लोहार १५४३ मध्ये ज्या जागी अडला, ती जागा गोव्याचे लोहार तीस वर्षं आधी पार करून बसले होते. एवढंच नाही. जपानी बंदुकीचा खटका, म्हणजे आधी ताणून ठेवलेली स्प्रिंग आणि चाप ओढताच झटकन खाली येणारा तोडा, आणि खांद्याला न लावता गालाशी धरायचा आखूड दस्ता, हे सगळं गोवा-मलाक्काकडच्या घडणीशी जुळतं. आपल्या उत्तर हिंदुस्थानातल्या तोड्याच्या बंदुकीत असं नसतं. तिथे चाप जसजसा दाबाल तसतसा तोडा हळूहळू खाली उतरतो. राइनर डेनहार्ट यांच्यासारख्या शस्त्रांच्या अभ्यासकांनी या साम्यावरून मांडणी केली आहे की जपानला पोचलेलं वाण हे लिस्बनचं नसून पोर्तुगीज छत्राखालचं गोव्याचं होतं. मला ही मांडणी पटते. सगळेच अभ्यासक मान्य करतील असं नाही, पण व्यापाऱ्यांच्या हातात लिस्बनहून वर्षभराचा प्रवास करून आलेल्या बंदुकीपेक्षा गोव्यात किंवा मलाक्कात मिळणारी बंदूक असणं, हे साध्या व्यवहाराला धरून आहे. आपण तरी प्रवासात मोबाइलचा चार्जर हरवला तर घरून मागवतो की स्टेशनबाहेर घेतो?

जपानमध्ये पुढे बंदुकीला 'तानेगाशिमा' असंच म्हणायला लागले. बेटाच्या नावाची बंदूक. किनबेइचं नाव तिथे लोकांना ठाऊक आहे, त्या बेटावर दरवर्षी बंदुकीचा उत्सव भरतो. आणि ज्या गावच्या लोहारांनी ही विद्या आधी हस्तगत केली होती, त्या गावात? गोव्याच्या सहलीला आपल्यापैकी किती जण गेलात, हात वर करा. बेसिलिका बघितली, से कॅथेड्रल बघितलं, बीच तर बघितलाच. जुन्या गोव्यात बंदुका घडवणारे उस्ताद राहायचे हे कुणी सांगितलं?

मी डिंडोलीत राहते. आमचं घराणं मूळ वसईचं, वडिलांच्या नोकरीमुळे सुरतेला आलो. ज्यांना डिंडोली माहीत नाही त्यांच्यासाठी: उधन्याच्या पलीकडे, जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनच्या कडेने पसरलेली वस्ती. इथे गुजराती पाट्यांच्या खाली अहिराणी बोलणारी माणसं राहतात. धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली, लूमच्या खात्यात आणि साड्यांच्या कारखान्यात कामाला. आमच्या शेजारचे आप्पा शिरपूरकडचे. लूम बंद पडलं की मालक त्यांना बोलावतो. तुटलेला भाग बाजारात मिळत नसेल तर आप्पा भंगारातून काहीतरी उचलतात, कानस घेऊन बसतात, मध्येच चहा पितात आणि 'व्हई जाई' एवढंच म्हणतात. आणि होतं. यंत्र सुरू झाल्यावर मालक कौतुकाने काय म्हणतो? "काय जुगाड केलंस!"

मला या जुगाड शब्दाची चीड आहे. हे वाचून काही जण म्हणतील की बाई उगाच शब्दाचा कीस पाडतेय, पण मराठी वाङ्मय मंडळात शब्दाचा कीस नाही पाडायचा तर काय बटाट्याचा पाडायचा? जर्मनीतला माणूस तेच करतो तेव्हा ते इंजिनिअरिंग. शिरपूरचा माणूस करतो तेव्हा जुगाड. या शब्दात शाबासकी आहे, पण आदर नाही. जुगाड करणारा हुशार ठरतो, जाणकार ठरत नाही. आणि ज्याला आपण जाणकार मानत नाही त्याचं नाव लिहून ठेवत नाही. गोव्याच्या उस्तादाचं झालं ते हेच.

कुणी म्हणेल, त्या काळी कारागिरांची नावं लिहायची पद्धतच नव्हती. होती. 'आईन-ए-अकबरी' उघडून बघा. अबुल फजलने अकबराच्या बंदुकांच्या कारखान्यावर स्वतंत्र प्रकरणं लिहिली आहेत. तिथे तयार होणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर काय काय कोरायचं याची यादी आहे: लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं, कुठे घडवली, तारीख, क्रमांक, आणि कारागीर कोण. कारागिराचं नाव बंदुकीच्या अंगावर! उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावं तर तो ग्रंथातच घेतो. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कारखान्याला जे जमत होतं ते आजच्या काचेच्या कपाटाला जमत नाही. तिथे लिहिलेलं असतं: 'बंदूक, १८ वे शतक, लोखंड व लाकूड.' लोखंड आणि लाकूड तर मलाही दिसतंय हो.

त्याच ग्रंथात नळीची गोष्टही आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा जोडत, आणि नळी सांध्यावर फुटे. म्हणून दारू पाव नळीपेक्षा जास्त भरायची सोय नव्हती. मग पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका पिळत नेऊन जोडायची रीत आली, म्हणजे सांधा सरळ रेषेत न राहता नळीभोवती फिरत जातो आणि स्फोटाचा जोर एका जागी बसत नाही. अबुल फजल म्हणतो की आता काठोकाठ भरली तरी नळी फुटत नाही. घोसाळ्याच्या वेलीचा ताणा बघितलाय? तसा पीळ. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला घरी जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं असेल.

आणि सतरा बंदुका. एकाच तोड्याने सतरा नळ्या एकदम उडाव्यात अशी जोडणी त्याच कारखान्यात झाली. नळ्या आतून घासायला आधी धट्टेकट्टे गडी लागत आणि दिवस जाई. म्हणून एक चाक केलं, बैलाने ते फिरवायचं, एका वेळी सोळा नळ्या साफ. मला सतरा बारांपेक्षा हे सोळा नळ्यांचं चाक जास्त आवडतं. त्यात कुणाच्या तरी दुखऱ्या खांद्यांचा विचार आहे. अबुल फजल या सगळ्याचं श्रेय अर्थातच बादशहाला देतो, पगार तिथूनच येत होता. अभ्यासक मात्र फतहुल्ला शिराझीचं नाव घेतात. हा विद्वान १५८३ मध्ये अकबराकडे गेला, आणि त्याआधी होता विजापूरच्या आदिलशाही दरबारात. पुन्हा आपला दख्खनच. त्याच्यासारख्या पंडिताचं नाव निदान वादात तरी उरलं. चाक ठोकणाऱ्या सुताराचं तेही नाही.

पुढच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. महादजी शिंद्यांनी आग्र्याला बंदुका आणि तोफांचे कारखाने उभे केले, त्यावर देखरेख करणाऱ्या सँगस्टर या स्कॉटिश माणसाचं नाव पुस्तकात सापडतं, भट्टीपाशी उभ्या असलेल्या आग्र्याच्या लोहारांचं नाही. मग १८७८ चा शस्त्र कायदा आला, परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं-घडवणं गुन्हा झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा कमी होत गेला. उरला तो एकतर सरकारी परवान्यावर, नाहीतर पोलिसांच्या बातमीतल्या 'देशी कट्ट्या'त.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. माझ्या एका मैत्रिणीने तो तोंडावर घेतला: "तू जिचं कौतुक करतेस ती वस्तू माणसं मारायला केलेली आहे. आट्यांचं काय कौतुक?" खरं आहे. कारागिरी ही आपोआप निरपराध नसते. लंडनच्या जेम्स पकलने १७१८ मध्ये एका फिरत्या बंदुकीचं पेटंट घेतलं. रिव्हॉल्व्हरसारखा मागे फिरणारा भाग, एकामागून एक बार. १७२२ मध्ये पावसात सात मिनिटांत त्रेसष्ट बार उडवून दाखवले, जेव्हा साधा शिपाई मिनिटाला दोन-तीन उडवायचा. अफाट डोकं. आणि त्याच पेटंटात लिहिलंय की ख्रिश्चनांवर गोल गोळ्या वापराव्यात आणि तुर्कांवर चौकोनी, कारण चौकोनी गोळीची जखम जास्त वाईट. एकाच कागदावर, एकाच हाताने. हा कागद मला माझ्या धर्माच्या नावाने बोचतो. पण तो फाडला तर पकल सुटेल, मी नाही.

त्याहून जवळची गोष्ट सांगते. संत फ्रान्सिस झेवियर आपल्याला माहीत आहेत ते गोव्याचे. ते १५४९ मध्ये जपानला उतरले, बंदुकीनंतर सहा वर्षांनी, त्याच समुद्रवाटेने. साध्या फाटक्या झग्यात फिरले, सम्राटाची भेट झाली नाही. मग १५५१ मध्ये यामागुचीला ओउची योशिताका या सरदाराकडे ते चांगल्या पोशाखात गेले, आणि मूळ सम्राटासाठी आणलेला नजराणा त्याला दिला. त्यात घड्याळ होतं, वाद्य होतं, चष्मे होते, आणि तीन नळ्यांची एक नक्षीदार बंदूक होती. सरदाराने प्रवचनाची परवानगी दिली आणि एक रिकामा मठ राहायला दिला.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला चष्मे आणि घड्याळ सांगितलं, बंदूक नाही. का गाळली ते समजतं. संताच्या हातात तीन नळ्यांची बंदूक, लहान मुलांना काय समजावणार? पण मोठ्यांच्या यादीतून ती गाळू नये असं माझं मत आहे. ज्या कारागिराने एकाच दस्त्यावर तीन नळ्या बसवल्या त्याला माहीत नव्हतं की ती शुभवर्तमानाची वाट मोकळी करायला वापरली जाईल. आणि ज्या लोहाराने क्रूसाचे खिळे घडवले त्यालाही माहीत नव्हतं. प्रायश्चित्तकाळात त्या खिळ्यांसमोर आपण गुडघे टेकतो, तेव्हा त्यांना हत्यार म्हणून बाजूला ठेवत नाही. वस्तूने काय केलं आणि वस्तू कशी केली, हे दोन्ही प्रश्न एका वेळी मनात ठेवता येतात. कठीण आहे, पण वाङ्मय शिकणाऱ्यांनी तरी कठीण म्हणून सोडू नये. खलनायकाच्या तोंडची सुंदर भाषा आपण वर्षभर अभ्यासतोच की.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत. लोक त्यांच्यासमोर थांबतात, वाकून बघतात, बिजागरी कुठे, पातं कसं बसतं, हे बोटांनी हवेत करून बघतात आणि हसतात. मला बंदुकीसमोर ही नजर हवी आहे. छाती काढून उभं राहायची नाही, आणि तोंड फिरवून निघून जायचीही नाही.

मंडळाची यंदाची सहल मुंबईच्या संग्रहालयात न्यायची असं चाललंय. माझी समितीला एक सूचना आहे. शस्त्रांच्या दालनातून दहा मिनिटांत सगळ्यांना बाहेर काढू नका. प्रत्येकाने एक बंदूक निवडावी आणि पाटीवर जे लिहिलेलं नाही ते वहीत लिहावं: हिची अडचण काय असेल, उत्तर कुठे आहे, कुठली जागा सगळ्यात अवघड गेली असेल. नंतर ते अंकात छापू. दस्त्यावरच्या हस्तिदंती फुलांकडे सगळेच बघतात, तुम्ही मागच्या टोकाकडे बघा, जिथे नळी संपते. काचेला नाक लावावं लागेल. रखवालदार काका ओरडतील, तर त्यांनाही बोलावून दाखवा. ते तिथे रोज उभे असतात, कदाचित आपल्या आधीच त्यांनी आटे मोजले असतील.